बिघडला होता तो हात नव्हे

बाळंतपणाला बाई घाबरते असं बाहेरच्या लोकांना वाटतं. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत नर्सबाई म्हणून हिंडल्यावर माझं मत थोडं बदललं आहे. बाळंतपणाला ती घाबरतेच, पण त्याहून जास्त घाबरते कामावर खाडा पडण्याला. दिवस कधी राहावेत हे तिला कोणी विचारत नाही, आणि मीठ, भात, गणपती यांतलं काहीच तिच्यासाठी थांबत नाही.

पेणच्या खाडीकडच्या एका मिठागरावर मी एका बाईला बजावून ठेवलं होतं की कळा सुरू झाल्या की लगेच निरोप धाड. निरोप आला. मी सामान घेऊन धावत पोचले तर मुलाला आंघोळ घालून झाली होती. बांधावर पोतं अंथरून ती बाळंत झाली होती. मी रागावले, तर तिनं शांतपणे समजावलं की मीठ ओढायला आलेलं होतं, ते टाकून कसं येणार. जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

पुढे माझी बदली रोह्याला झाली. तिथे कंपनीत पॅकिंगला जाणारी एक मुलगी तपासायला आली, आणि लुगड्याच्या फडक्यानं तिनं पोट असं आवळलेलं होतं की गाठ मला सुटेना. पाचवा महिना उलटलेला. मुकादमाला कळलं तर शिफ्टला घेणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. फडकं सोडलं तेव्हा पोटावर वळ उठलेले होते. आतलं मूल हलत होतं, हे नशीब.

अशा गोष्टींनी सुरुवातीला मला धक्का बसायचा, मग सवय झाली. कामच तसं होतं. लोकांना वाटतं नर्सबाई म्हणजे सुई टोचणारी. प्रत्यक्षात आमचं निम्मं काम चालण्याचं आणि उरलेलं निम्मं बघण्याचं. बॅगेत रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र, लघवी तपासायला काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा, कात्री, दोरा, गोळ्या, इंजेक्शनं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. अंधारात हात घातला तरी हवं तेच हाताला लागलं पाहिजे, असा माझा नियम होता आणि त्यावरून माझी चेष्टाही व्हायची. पण घरात शिरल्यावर बॅग उघडण्याआधी बाईकडे नुसतं बघायचं असतं. पाय, चेहरा, पापण्या, बोटं. हे बघणं शिकायला मला बरीच वर्षं लागली.

जोह्यात मात्र मला जो धक्का बसला, त्याची सवय पुढे कधीच झाली नाही.

जोहे हे पेणजवळचं गणपतींचं गाव. रोह्याहून पुन्हा पेणला बदली झाल्यावर ते माझ्या फेरीत आलं. तिथे कारखाना म्हणजे धुराडं नव्हे. घराची पडवी, ओटा, मागचं परस, जिथे छप्पर आहे तिथे गणपती. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, रंगवली जाते आणि सगळ्यात शेवटी तिचे डोळे काढले जातात. त्याला आखणी म्हणतात. रंग देणारे हात पुष्कळ मिळतात, आखणीचे हात थोडे. गिऱ्हाईक मुकुट बघत नाही, सोंड बघत नाही. मूर्ती आपल्याकडे बघते की नाही तेवढं बघतं. म्हणून आखणी बिघडली की आधीच्या सगळ्यांची मेहनत वाया जाते.

यमुनाबाईंच्या घरी आखणीचा मान यमुनाबाईंचा. मोतीबिंदूनं नजर अधू झाली तेव्हा त्यांनी कुंचला सुनेच्या हातात दिला. सून सुगंधा, कोलाडच्या बाजूच्या शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मातीचा गणपती फक्त विकत घेऊन माहीत होता. दोन हंगामांत ती अशी तयार झाली की लोक तिच्या आखणीच्या मूर्ती मागून न्यायचे. यमुनाबाई तोंडावर कधी चांगलं बोलल्या नाहीत, पण शेजारपाजारी सांगताना त्यांचा आवाज चढायचा, हे मी ऐकलेलं आहे.

त्या वर्षी सुगंधाला पहिल्यांदा दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. सातव्यात ओटी भरली की आईनं येऊन न्यायचं. ओटी भरली, आईही येऊन गेली, पण एकटीच परत गेली. गणपती तोंडावर आलेले, गाड्या मुंबईला जायच्या होत्या, आणि डोळ्यांशिवाय मूर्ती कशा पाठवणार. एवढा माल निघाला की पाठवते, असं यमुनाबाईंनी विहिणीला सांगितलं. सुगंधा पुन्हा आखणीला बसली. मागच्या भेटीत मी तिला तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. पारा जागेवर, लघवी स्वच्छ.

पुढच्या फेरीला मी दुपारी त्यांच्या पडवीत शिरले आणि दारातच थांबले. भिंतीला लागून गणपती ओळीनं मांडले होते. एकाची नजर बाहेर गेलेली. एकाचं बुबुळ पापणीवर चढलेलं. एकाच्या दोन्ही भुवया चांगल्या होत्या, पण डोळे एकमेकांना ओळखत नव्हते. मला मूर्तीतलं काही कळत नाही, तरी तिथून नजर काढून घ्यावीशी वाटली.

यमुनाबाई मला बघून सुरूच झाल्या. हिचा हात बिघडला म्हणे. आठवडाभर असंच चाललंय, पुसायचं आणि पुन्हा काढायचं. मुलगा माल घेऊन मुंबईला गेलाय, तो येऊन काय म्हणेल. मग आवाज खाली न आणता, सुगंधाला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "मुद्दाम करतेय नर्सबाय. माहेराला जायचंय ना हिला. जीव तिकडं, हात हितं."

रंगकाम करणाऱ्या दोघी बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली की हसू नका गो, पोटात राजा हाय तिच्या, तेज बघा काय चढलंय चेहऱ्यावर.

मी चेहऱ्याकडे पाहिलं. ते तेज नव्हतं, सूज होती. डोळ्यांखाली फुगलेलं, ओठ जाड झालेले. हातातला हिरवा चुडा मनगटात रुतला होता. जोडवी काढून ठेवलेली. घरातली प्रत्येक बाई दिवसभर डोळेच बघत होती, आणि या मुलीच्या डोळ्यांकडे कोणीही बघितलं नव्हतं.

मी तिच्याशेजारी बसकर ओढून बसले आणि काय होतंय म्हणून विचारलं. आधी काहीच नाही म्हणाली. मग यमुनाबाई आत गेल्यावर हळूच बोलली, "बाय, रेघ एक काढते, दिसतात दोन. कुठली खरी तेच कळत नाय."

आणखी खोदून विचारलं तेव्हा समजलं की डोकं दुखत होतं, छातीखाली आवळल्यासारखं वाटत होतं आणि डोळ्यांपुढे सारखी चमकी उडत होती. मुकुटाला लावायची सोनेरी पावडर डोळ्यांत गेली असेल असं तिला वाटलं. म्हणून दिवसभर ती पाण्याच्या तांब्यावर जाऊन डोळे धुऊन येत होती. रंगकाम करणाऱ्या बायकांनीही तेच सांगितलं होतं, की सोनेरी काम असलं की होतं तसं, पाणी मार. त्या घरात चमकी डोळ्यांत जाणं ही रोजचीच गोष्ट होती. दुसरं काही कोणाच्या मनात येणारच नव्हतं.

"मग घरात सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? निमित्त करते म्हणाले असते."

मी दंडाला पट्टा बांधला. पारा चढवला आणि उतरवू लागले, तर ठोके इतक्या वरून ऐकू यायला लागले की मला यंत्राचीच शंका आली. दुसऱ्या हातावर बांधला. तेच. तिला मागच्या मोरीत पाठवून लघवी घेतली आणि पडवीतच स्पिरिटचा दिवा पेटवला. निरोगी बाईची लघवी तापवली तर पाण्यासारखी राहते. त्या नळीत बघता बघता दही लागल्यासारखं झालं. आजवर थोडं गढूळ झालेलं मी पाहिलं होतं, असं कधीच नाही. मी नळी पुन्हा उजेडाकडे धरली ते रंगकाम करणाऱ्या बाईनं पाहिलं आणि ती हसायची थांबली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गरोदरपणात काही बायकांचा रक्तदाब एकाएकी चढतो. सूज येते, डोकं दुखतं, नजर फिरते. तिथेच ओळखलं तर ठीक. नाहीतर झटके येतात, आणि एकदा झटके सुरू झाले की आई आणि मूल दोघंही जाऊ शकतात. चमकी, दोन रेघा, वाकडे डोळे ही सगळी त्याचीच चिन्हं होती. हात बिघडलाच नव्हता.

मी यमुनाबाईंना बाहेर बोलावून सांगितलं की हिला आत्ताच्या आत्ता पेणला न्यायचं. मूर्तीच्या मालासाठी आलेला टेम्पो दारात उभा होता. चालकाला म्हटलं, माल राहू दे, बाई घे.

आता सगळे हलतील असं मला वाटलं. हलली नाही ती सुगंधाच. तिच्यापुढच्या मूर्तीचा एक डोळा काढून झाला होता आणि दुसरी जागा पांढरी होती. एका डोळ्यावर देव सोडून उठायचं नाही, ही त्या घरची शिस्त. यमुनाबाईंनी पहिल्या दिवशी शिकवलेली. ती म्हणाली, एवढा एक पुरा करते बाय, मग नेशील तिथे येते. आणि कुंचला उचलून ती त्या जागेकडे बघत राहिली. कुठे टेकवायचा ते तिला दिसत नव्हतं. मी तिच्यावर ओरडले. माझं ओरडणं तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही.

यमुनाबाई पुढे आल्या. त्यांनी सुनेच्या हातातून कुंचला काढून घेतला, मूर्तीजवळ नाक लागेल एवढ्या वाकल्या आणि अधू नजरेनं, काळ्या रंगानं, एका दमात दुसरा डोळा ओढला. तो वाकडाच आला. रंग गालावर ओघळला. त्यांनी तो पुसलाही नाही.

"झाला पुरा," त्या म्हणाल्या. "ऊठ आता."

टेम्पोत मूर्तींसाठी घातलेला पेंढा होता, त्यावर तिला कुशीवर निजवलं. मी डोक्याशी, यमुनाबाई पायाशी. अर्ध्या वाटेवर पहिला झटका आला. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दातखीळ बसते, अंग धनुष्यासारखं ताणतं, चेहरा निळा पडतो. मी तिची मान धरून ठेवली, तोंडातला फेस पुसत राहिले, चालकाला थांबू नको म्हणून सांगत राहिले. यमुनाबाईंनी दोन्ही पाय छातीशी कवटाळले होते. अंगात आलंय, कुणाची बाधा झालीय, असं काहीतरी त्या म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. पण झटका ओसरला तशा त्या फक्त पुढे सरकल्या. चुडा रुतलेला तो हात धरून एक एक बांगडी वाढवत राहिल्या. वाढवणं म्हणजे फोडणं, पण बांगडीसाठी तो शब्द आमच्याकडे कोणी वापरत नाही.

पेणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला हात लावताक्षणीच इंजेक्शन दिलं आणि यमुनाबाईंना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. मूल आत ठेवलं तर आई जाईल. आत्ता बाहेर काढलं तर आई वाचण्याची आशा आहे, पण मूल दिवस भरण्यापूर्वीचं, त्याची खात्री देता येत नाही. मुलगा मुंबईहून यायला वेळ लागणार. कोणीतरी हो म्हणायला हवं.

पहिलं नातवंड होतं. अशा वेळी घरची माणसं गप्प बसतात, मुलाला येऊ द्या म्हणतात, देवाचं नाव घेतात. तेवढ्यात उशीर होतो, हे मी पाहिलेलं होतं. यमुनाबाईंनी डॉक्टरीणबाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच अंगठा पुढे केला.

"सून द्या मला," त्या म्हणाल्या. "ती राहू द्या."

माझा त्या क्षणी स्वतःच्या कानांवर विश्वास बसला नाही. दुपारी त्याच बाई म्हणत होत्या की मुद्दाम करते.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. रडली, पण मांजरीच्या पिल्लासारखी. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा ती गेली. मुंबईहून तोवर बापही आला होता. मुलीला पुरायला घेऊन तो आणि त्याचा भाऊ गेले. यमुनाबाई खाटेजवळच बसून राहिल्या.

सुगंधाला शुद्ध आली ती त्यानंतर. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर पडलं होतं. तिनं डोळे उघडले, मान इकडे तिकडे फिरवली आणि म्हणाली, "दिवा लावा गो कुणीतरी. काळोख किती झाला."

मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही. इतक्या वर्षांत मी रक्त पाहिलं, मरण पाहिलं; पण भर दुपारी दिवा मागणारी ती मुलगी, आणि ती आखणीची, हे माझ्यानं सहन झालं नाही. मी बाहेर निघून गेले. डॉक्टरीणबाईंनी मला तिथे येऊन सांगितलं की झटक्यांनंतर असं होतं, बहुतेकींची नजर काही दिवसांत परत येते. बहुतेकींची, हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला होता, तो मला कळला.

मग सुरू झालं ते खोटं बोलणं. ओल्या बाळंतिणीला वाईट सांगायचं नाही, असं सगळ्या बायकांचं एकमत. पोर काचेच्या पेटीत आहे, दूध थेंब थेंब घेते, तुझ्यासारखी आहे. प्रत्येक बाई जाता येता एका वाक्याची भर घालायची. सुगंधा ऐकायची आणि विचारायची की मला हात लावू द्या ना. पेटीत हात घालता येत नाही, असं मी सांगितलं. यमुनाबाई या बोलण्यात कधी भाग घेत नसत. तिचे केस विंचरायच्या, पेज भरवायच्या.

नजर परत आली ती हळूहळू. आधी खिडकी कळायला लागली, मग माणसं सावल्यांसारखी. एके सकाळी मी पेणला भेटायला गेले तर ती उठून बसली होती आणि समोर बसलेल्या सासूकडे एकटक बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. यमुनाबाईंचे डोळे सुजलेले, लाल, कडा सोलवटलेल्या. इतके दिवस त्यांना ते लपवायची गरज नव्हती. समोरच्या मुलीला दिसायला लागलं आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आये," सुगंधा म्हणाली, "पोर गेली ना?"

यमुनाबाईंनी मान हलवली.

"कधी?"

"झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

सुगंधा रडली नाही. तिनं पदर नीट केला आणि म्हणाली की मला आईकडं जायचंय. तिथं जमलेल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. गणपती आता अगदी तोंडावर होते. तिच्या नवऱ्यानं मला खुणेनं विचारलं की नजर आली म्हणजे काम जमेल का. मी उत्तर द्यायच्या आत यमुनाबाईंनी त्याला सांगितलं की शेजारच्या हमरापुरातनं आखणीला माणूस आण, नाय मिळाला तर माल परत जाऊ दे. आणि मी पण हिच्यासंगं जातेय.

हे ऐकून तो गोंधळलाच. सासू कधी सुनेच्या माहेरी राहायला जाते का, लोक काय म्हणतील. पण त्या गेल्या.

काही दिवसांनी माझं रोह्याला काम निघालं. तिथलं आटोपून मी एसटीनं कोलाडच्या पुढे उतरले आणि सुगंधाचं माहेर शोधत गेले. रक्तदाब बघायचा होता, असं मी स्वतःला सांगत होते. आमच्या भागात मूल गेलं की बाळंतिणीचे लाड थांबतात. तेल नाही, शेक नाही, डिंक नाही. चार दिवसांत ती पाण्याला जाते, दहा दिवसांत शेतात. कोणी दुष्टपणानं करत नाही, पण ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तोच नाही, असा हिशेब असतो. शरीराला मात्र हा हिशेब माहीत नसतो. दूध येतं, कंबर मोडते, अंग थंड पडतं. मी ओरडून सांगत आले आहे, फारसा उपयोग झालेला नाही.

मागच्या पडवीत मी पोचले तेव्हा यमुनाबाई पाटावर बसल्या होत्या. विहिणीच्या घरात, कासोटा घालून, कोपरापर्यंत तेल. समोर सुगंधा पालथी निजलेली. खाली शेगडी, वर बाज, ओव्याचा धूर. कंबरेपासून मानेपर्यंत हात सपसप चालले होते. मी पारा लावला. तो जागेवर आलेला होता.

शेजारची एक म्हातारी दारात उभी होती. तिला राहवेना. ती सुगंधाच्या आईला म्हणाली की एवढं कशाला करता गो, मांडीवर पोर नाय काय नाय. सुगंधाची आई खाली बघायला लागली. मला वाटतं तिच्याही मनात तेच होतं, पण विहिणीपुढे बोलायची सोय नव्हती.

यमुनाबाईंनी हात थांबवला नाही.

"पोर नाय राहिली," त्या म्हणाल्या, "म्हणून ही बाळंतीण नाय व्हय?"

मग सुगंधाची आई उठली आणि चुलीतले आणखी निखारे आणायला आत गेली.